‘स्वामी’तली रमा खरी किती? कोवाडचे रणजित देसाई आणि इतिहासातली एक प्रेमकथा

आजचा भाग ज्यांना हेडफोन लावून ऐकता आला नाही, एसटीत रेंज गेली, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघातले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ बरेच कापलेत. काही राहिले असतील तर सांभाळून घ्या.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

अकरावीत होतो. कोल्हापुरातलीच एक वक्तृत्व स्पर्धा. मी विषय घेतला होता थोरले माधवराव पेशवे. आठ मिनिटांचं भाषण, पाठ एकदम कडक. शेवटी माधवराव रमाबाईंना जे बोलतात ते वाक्य मी असं काही टाकलं की पुढच्या रांगेतल्या दोन मावशींनी पदर डोळ्यांना लावला. मनात म्हटलं, झालं, ढाल आपलीच. मग परीक्षकांपैकी एक निवृत्त शिक्षक होते, त्यांनी विचारलं, “बाळ, हे शेवटचं वाक्य माधवरावांच्या कुठल्या पत्रात आहे?”

मी छाती काढून सांगितलं, “‘स्वामी’त आहे, सर.”

सगळा हॉल हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, “मग ते रणजित देसाईंचं वाक्य आहे. माधवरावांचं नव्हे. दोघंही मोठी माणसं, पण दोघांची वाक्यं वेगवेगळ्या खिशात ठेव.”

ढाल गेली. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. आजचा भाग त्याच प्रश्नावर आहे: ऐतिहासिक कादंबरीतलं प्रेम येतं कुठून? कागदातून, की लिहिणाऱ्याच्या मनातून? आणि लिहिणारा आपल्याच जिल्ह्यातला असेल, तर त्याच्याकडे बघून काही उत्तर मिळतं का?

हा प्रश्न आत्ता का?

कारण आपण सगळेच आता इतिहास कादंबरीतून, आणि कादंबरी सिनेमातून घेतोय. २०१५ चा ‘बाजीराव मस्तानी’ ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वरून आला. २०२५ चा ‘छावा’ शिवाजी सावंतांच्या ‘छावा’वरून. सिनेमा सुरू होण्याआधी काळ्या पडद्यावर सूचना येते, ती आपण पॉपकॉर्न सांभाळण्यात वाचत नाही. बाहेर पडल्यावर मात्र व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर भांडतो: “असं झालंच नव्हतं!” “झालं होतं, सिनेमात दाखवलंय!”

गंमत म्हणजे या भांडणाची मुळं शोधत गेलात तर कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला पोचता. शिवाजी सावंत आजऱ्याचे. कोल्हापुरात हायस्कूलमध्ये शिकवत होते आणि १९६७ मध्ये, वयाच्या सत्ताविशीत, त्यांची ‘मृत्युंजय’ आली. आजऱ्याला लागूनच चंदगड तालुका. त्या तालुक्यात ताम्रपर्णी नदीच्या काठी कोवाड नावाचं गाव आहे. तिथे ८ एप्रिल १९२८ ला रणजित रामचंद्र देसाई जन्मले. दोन शेजारशेजारचे तालुके, आणि मराठी घरांतल्या कपाटांमधली निम्मी जाड पुस्तकं त्यांनी भरून टाकली. नाद खुळाच म्हणायचा!

त्याच पट्ट्यात आणखी थोडं मागे जाऊ. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती ‘मोचनगड’, १८७१ ची. लेखक रामचंद्र भिकाजी गुंजीकर. तेही इकडचेच, बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीचे. म्हणजे मराठी आणि कानडी जिथे एकमेकींच्या अंगणात खेळतात, त्या भागात ही वेल रुजली आणि फोफावली. याचं एकच एक कारण सांगता येईल असं मला वाटत नाही. पण जिथे प्रत्येक डोंगरावर गड आणि प्रत्येक घराण्याच्या आडनावात एखादं वतन आहे, तिथल्या पोराला इतिहास वेगळा शिकवावा लागत नाही, एवढं खरं.

कोवाडचा माणूस

‘देसाई’ हे आडनाव मुळात हुद्दा आहे. परगण्याचा महसूल, हिशेब, वसुली बघणारा वतनदार तो देसाई. रणजित देसाई अशाच घराण्यातले. वाडा, शेती, गावातला मान, नोकरचाकर, सणवार, आणि या सगळ्याला हळूहळू लागत गेलेली ओहोटी, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं जग. कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ असं गाव. लिहिते लेखक पुण्या-मुंबईला जाऊन राहायचे त्या काळात त्यांच्या नावाला कोवाड कायमचं चिकटून राहिलं.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. हा माणूस एकदम पेशवाईवर उडी मारून आलेला नाही. १९५२ मध्ये ‘रूपमहाल’ हा कथासंग्रह आला. त्यानंतर ‘बारी’ ही कादंबरी, बेरड समाजाच्या जगण्यावरची. मग ‘माझा गाव’. नावातच सगळं आलं. म्हणजे आधी आजूबाजूचं रान, माणसं, गाव. जे दिसतं ते. आणि मग १९६२ मध्ये ‘स्वामी’.

‘स्वामी’ने त्यांना घराघरात नेलं. १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार याच कादंबरीला. १९७३ मध्ये पद्मश्री. पुढे शिवरायांवर ‘श्रीमान योगी’, कर्णावर ‘राधेय’, चित्रकार रविवर्म्यावर ‘राजा रविवर्मा’. या शेवटच्या कादंबरीवरून केतन मेहतांचा ‘रंगरसिया’ आला. नाटकंही त्यांनी बरीच लिहिली. ६ मार्च १९९२ ला ते गेले. पण आज आपण सगळ्या पुस्तकांची यादी वाचत बसणार नाही. आज फक्त ‘स्वामी’. त्यातही माधव आणि रमा.

कागद काय सांगतात?

आधी जे नक्की आहे ते बघू. म्हणजे एका खिशातलं.

१४ जानेवारी १७६१. पानिपत. थोरला भाऊ विश्वासराव आणि चुलते सदाशिवरावभाऊ, दोघंही गेले. त्याच वर्षी जूनमध्ये वडील नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. पेशवाईची वस्त्रं मिळाली माधवरावांना. वय सोळा. आपण त्या वयात दहावीचा निकाल लागल्यावर सायन्स की कॉमर्स यावर घरात वाद घालतो!

पुढची अकरा वर्षं म्हणजे एकामागून एक संकट. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांना कारभार हवा. १७६२ मध्ये आळेगावला काका-पुतण्याच्या फौजा समोरासमोर आल्या आणि घरातलंच युद्ध वाढू नये म्हणून माधवरावांनी काकांपुढे माघार घेतली. लगेच पुढच्या वर्षी, ऑगस्ट १७६३ मध्ये, गोदावरीकाठी राक्षसभुवनला निजामाचा पराभव. मग कर्नाटकात हैदर अलीवर एकामागून एक मोहिमा. १७६८ मध्ये धोडपला काकांचा पाडाव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. आई गोपिकाबाईंशी पटलं नाही. त्या नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. न्यायखात्यात रामशास्त्री प्रभुणे, जे खुद्द पेशव्यांनाही बोलायला कचरत नसत. आणि या सगळ्याच्या आत शरीर पोखरणारा क्षय. १७७० च्या कर्नाटक मोहिमेतून आजारपणामुळे परत फिरावं लागलं, फौज त्रिंबकराव पेठ्यांवर सोपवून.

१८ नोव्हेंबर १७७२. थेऊरच्या गणपतीच्या देवळात माधवराव वारले. वय सत्तावीस. मागे मूल नाही. पत्नी रमाबाई सती गेल्या. पुढच्या वर्षी धाकटा भाऊ नारायणराव शनिवारवाड्यात मारला गेला. ग्रँट डफ या ब्रिटिश इतिहासकाराने पानिपतापेक्षाही या तरुण पेशव्याचा अकाली मृत्यू मराठ्यांना कमी घातक ठरला नाही, अशा अर्थाचं मत दिलंय. ते मत तेव्हापासून आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फिरतंय.

आता हे सगळं आपल्याला इतक्या तपशिलात कसं माहीत? कारण पेशवाई म्हणजे कागदांचा डोंगर. पुण्याचं पेशवे दफ्तर आहे, त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसाईंनी खंडांमागून खंड छापले. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनं’ गोळा केली. आणि आपल्या शेजारी मिरजेत वासुदेवशास्त्री खरे होते. त्यांनी पटवर्धन सरदारांच्या दफ्तरातले कागद ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ म्हणून छापले. पटवर्धन माधवरावांच्या कर्नाटक मोहिमांत लढत होते, त्यामुळे छावणीतली बातमी अन् बातमी तिथे सापडते. कोण कुठल्या मुक्कामी, किती घोडी, कुणाची कुरबुर, कुणाचा पगार थकला.

मग या डोंगरात रमाबाई कुठे आहेत?

ओझरत्या. लग्न झालं, लहानपणीच, त्या काळच्या रीतीने. कुठे तीर्थ, कुठे व्रत, कुठे खर्चाची नोंद. आणि मग तो शेवट. नवरा मोहिमेवर गेल्यावर तिला शनिवारवाड्यात कसं वाटत होतं? सासू आणि नवरा यांच्यामध्ये ती कुठे उभी होती? त्याचा ताप उतरेना तेव्हा ती काय म्हणाली? हे मनातलं सांगणारा कागद तिच्या हातचा आपल्याकडे नाही. घोड्यांच्या वैरणीचा हिशेब आहे. रमाबाईंच्या मनाचा नाही.

कादंबरीकार आत शिरतो तो नेमका इथून.

रिकाम्या जागेत काय भरलं?

‘स्वामी’ वाचताना एक प्रयोग करा. पेन्सिल घ्या. जिथे लढाई, तह, दरबार आहे तिथे समासात ‘क’ लिहा, क म्हणजे कागद. जिथे बंद दाराआड दोघंच बोलतायत तिथे ‘म’ लिहा, म म्हणजे मन. पुस्तक मिटल्यावर तुम्हाला काय आठवतं ते बघा. मी पैजेवर सांगतो, ‘म’वाली पानं आठवतील.

कारण साधं आहे. तहाची कलमं वाचून कुणाच्या पोटात कालवत नाही. सोळाव्या वर्षी ज्याच्यावर राज्य पडलं, ज्याला काकावर विश्वास ठेवता येत नाही, आईजवळ मन मोकळं करता येत नाही, त्याला जगात एक तरी जागा हवी जिथे तो पेशवा नसून नुसता माधव असेल. देसाईंनी ती जागा रमेत शोधली. कादंबरीचं सगळं वजन त्यांनी त्या नात्यावर तोललं. लढाया बाहेर होत राहतात आणि वाचक वाट बघतो ती तो परत कधी येणार याची. म्हणजे वाचक रमेच्या जागी बसलेला असतो. कळलं का? पेशव्यांची गोष्ट सांगायची, पण बसवायचं खिडकीत वाट बघणाऱ्या बाईच्या शेजारी.

दुसरी गोष्ट भाषेची. पूर्वीच्या घरांत बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. ‘इकडून’, ‘स्वारी’ असं आडून बोलायचं. सरळ ‘तू’ नाही, ‘तुम्ही’ही नाही. आता विचार करा, प्रेमाची गोष्ट लिहायची आणि नायिकेने नायकाला नावाने हाकच मारायची नाही! ही अडचण वाटते, पण मराठी ऐतिहासिक कादंबरीने तिचंच सोनं केलं. जे थेट बोलता येत नाही ते विड्यात, गजऱ्यात, नजर खाली घालण्यात आणि अर्ध्यावर तोडलेल्या वाक्यात जातं. ‘इकडून’ या एका शब्दात लाज, हक्क, लाड सगळं मावतं.

पण लक्षात ठेवा, हे गोड दरबारी मराठी म्हणजे पेशवाईत जशीच्या तशी बोलली जाणारी भाषा नव्हे. त्या काळची पत्रं बघा: मोडी लिपी, फारसी शब्दांची गर्दी, ‘विनंती विशेष’ वगैरे ठरलेले मायने, आणि मग एकदम कामाचं बोलणं. कादंबरीतली भाषा विसाव्या शतकातल्या लेखकाने घडवलेली आहे, जुन्या दागिन्याच्या घाटावर नवा दागिना घडवावा तशी. पुढे मालिका आणि नाटकांनी ती इतकी वापरली की आज कुणी पेशवाईची रील बनवली तरी पात्रं तशीच बोलतात.

मग प्रेरणा कुठली म्हणायची? लेखकाच्या मनात शिरून सांगणारा मी कोण! पण पुस्तकंच शेजारी ठेवली तर एक दिसतं. वाडा, घराण्याची अब्रू, थोरल्यांचा दबदबा, आतल्या घरात बोलायच्या आणि बाहेर न बोलायच्या गोष्टी, हे देसाईंना दफ्तरात शोधायला लागलं नसणार. ते आडनावाबरोबरच आलेलं. शनिवारवाड्याच्या तारखा ग्रंथांतून मिळाल्या असतील. वाड्यातली शांतता कशी असते हे मात्र त्यांना कोवाडनेच शिकवलं असावं, असा माझा कयास. कयासच बरं का, म्हणजे ‘म’ खिसा.

आता अवघड भाग: थेऊर

पुण्याहून सोलापूर रस्त्याने जाताना थेऊर लागतं. अष्टविनायकांतला चिंतामणी. तिथला लाकडी सभामंडप माधवरावांनी बांधलेला. दर्शन घेऊन लोक गाडीत बसतात आणि पुढच्या गणपतीला निघतात. नदीकडे गेलं तर रमाबाईंचं स्मारक आहे. मी गेलो तेव्हा सोबतच्या एका काकूंनी हात जोडले आणि म्हणाल्या, “काय प्रेम होतं बघ दोघांचं.”

मी काहीच बोललो नाही. पण आत काहीतरी अडकलं.

कारण सती जाणं हे प्रेमाचं माप नाही. विशीतली एक बाई जिवंत जळाली. तिच्यापुढे दुसरा काय पर्याय होता, तिच्यावर किती दडपण होतं, तिला स्वतःला काय वाटत होतं, हे सांगणारं कुणी नाही. आपण जे ‘तिने प्रेमापोटी केलं’ असं इतक्या खात्रीने म्हणतो, ती खात्री दफ्तरातून आलेली नाही. ती कादंबरीतून, मालिकेतून, आणि त्याआधी शेकडो वर्षं सांगितल्या गेलेल्या सतीच्या गोष्टींतून आली.

इथे एक योगायोग सांगतो. ‘स्वामी’ची दूरदर्शन मालिका १९८७ ची. दिग्दर्शक गजानन जागीरदार, माधवराव रवींद्र मंकणी, आणि रमाबाई झालेली कोवळी मृणाल देव, म्हणजे आजच्या मृणाल कुलकर्णी. आमच्या आजीला विचारलं तर ती अजून सांगते, शेवटच्या भागाला आळीतल्या सगळ्या बायका ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या सोप्यावर, आणि कुणाच्याच डोळ्याचं पाणी खळेना. आणि त्याच १९८७ मध्ये, सप्टेंबरात, राजस्थानात देवराळा गावी एक अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या चितेवर जळाली. देश हादरला. त्यानंतर सती प्रतिबंधक कायदा आला, आणि त्यात फक्त सती जायला लावणं नाही, तर सतीचा गौरव करणं हाही गुन्हा ठरला.

माझं म्हणणं असं बिलकूल नाही की ‘स्वामी’ वाचू नका. कादंबरी १९६२ ची, ती ज्या काळाची गोष्ट सांगते त्यात ती घटना घडलेली आहे. लेखक ती गाळू शकत नाही. माझं म्हणणं आपल्याबद्दल आहे. पुस्तक मिटल्यावर रडू येणं ठीक. ते रडू सत्तावीस वर्षांच्या माधवासाठी येतं तसं, कुणी काही विचारलंच नाही अशा रमेसाठीही यायला हवं. आणि स्मारकापुढे हात जोडताना आपण नेमकं कशाला हात जोडतोय, हे क्षणभर थांबून बघायला हवं.

मृणाल कुलकर्णींनी पुढे, २०१४ मध्ये, ‘रमा माधव’ हा सिनेमा स्वतः दिग्दर्शित केला. नावात रमा आधी आली. ज्या मुलीने रमा साकारली तीच मोठी होऊन पुन्हा त्या गोष्टीकडे वळली, ही मला छोटी गोष्ट वाटत नाही. एकच कथा, पण सांगणारं बदललं की उजेड दुसऱ्या बाजूने पडतो.

लेखकाच्या घरातली रमा

आणि आता एक गोष्ट, जी रणजित देसाईंबद्दल बोलताना पुष्कळदा टाळली जाते. टाळायची गरज नाही, कारण ती छापील आहे.

त्यांच्या पत्नी माधवी देसाई. भालजी पेंढारकरांची मुलगी. कोल्हापूरकरांना भालजी कोण हे सांगायला नको: जयप्रभा स्टुडिओ, शिवकाळावरचे सिनेमे. म्हणजे ऐतिहासिक सिनेमाच्या घरातली मुलगी ऐतिहासिक कादंबरीच्या घरात आली. दोघांचंही हे पहिलं लग्न नव्हतं. आणि हा संसार पुढे मोडला.

माधवीताईंनी त्यावर आत्मचरित्र लिहिलं, ‘नाच गं घुमा’. नाव बघा. आपल्या बायका मंगळागौरीला खेळतात त्या खेळातलं. मोठ्या लेखकाच्या घरात बायकोच्या वाट्याला काय आलं, हे त्यांनी स्वतःच्या बाजूने, स्वतःच्या शब्दांत सांगितलं. पुस्तक गाजलं, वादही झाले. ती एका माणसाची बाजू आहे, दुसऱ्या माणसाची बाजू वेगळी असू शकते, आणि लग्नाचा निवाडा बाहेरच्याने करू नये. मीही करत नाही.

पण पुस्तकांच्या दुकानात ‘स्वामी’ आणि ‘नाच गं घुमा’ शेजारी ठेवलेली कल्पना करा. एकात एक पुरुष लेखक दोनशे वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या मनातलं लिहितोय, कारण तिने स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. दुसऱ्यात त्याच लेखकाची बायको स्वतःच्या मनातलं स्वतः लिहितेय. रमाबाईंच्या हातचं एखादं असं बाड निघालं असतं तर? ‘स्वामी’ तशीच लिहिली गेली असती का? मला माहीत आहे की या प्रश्नाला उत्तर नाही. पण दोन्ही पुस्तकं वाचलेल्या माणसाला रमा पुन्हा पहिल्यासारखी दिसत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

मग वाचायचं कसं?

हे सगळं ऐकून एका मैत्रिणीने विचारलं, “म्हणजे काय, खोटं आहे म्हणून सोडून द्यायचं?” अजिबात नाही. ऐतिहासिक कादंबरी खोटी नसते. फक्त ती पुरावा नसते. दोन्हींत फरक आहे. माझे तीन साधे नियम सांगतो, पटले तर घ्या.

पहिला: पात्र एकटं असताना जे विचार करतं, आणि दोघंच असताना जे बोलतात, ते लेखकाचं. मग ते कितीही भारी वाटो. स्टेटसला टाकताना खाली माधवरावांचं नाव न टाकता लेखकाचं टाका. एवढं केलं तरी अर्धी भांडणं मिटतील.

दुसरा: कादंबरी वाचून झाल्यावर त्याच माणसावरचं एक तरी इतिहासाचं पुस्तक किंवा प्रस्तावना वाचा. रणजित देसाईंच्याच ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांचं भलंमोठं पत्र प्रस्तावना म्हणून जोडलंय. एक कादंबरीकार आपल्याच कादंबरीच्या दारात चिकित्सा करणाऱ्या विचारवंताला बसवतो! अनेकजण ते पत्र वगळून सरळ कथेकडे जातात. उलट करा. आधी ते पत्र वाचा. कोल्हापुरात राहत असाल तर करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसा. तिथे कादंबरीही मिळेल आणि तिच्याशी वाद घालणारी पुस्तकंही.

तिसरा: गोष्टीत कोण बोलत नाहीये ते शोधा. लढाईच्या प्रसंगात मोतद्दार, वाड्यातल्या प्रसंगात कुणबिणी, प्रेमाच्या प्रसंगात बहुतेक वेळा बायको. तिच्या तोंडी वाक्यं असतील, पण ती कुणी दिली? हा प्रश्न ‘राऊ’तल्या मस्तानीला लावा, ‘छावा’तल्या येसूबाईंना लावा, उद्या येणाऱ्या वेबसिरीजलाही लावा.

आणि एवढं करूनही ‘स्वामी’चं शेवटचं प्रकरण वाचताना घसा दाटून आला, तर येऊ द्या. माझा दरवेळी येतो. कोवाडच्या माणसाची ती ताकद आहे, तिला नाकारून कसं चालेल?

त्या परीक्षक सरांना मी नंतर कधी भेटलो नाही. पण दोन खिशांची सवय लागली ती लागलीच. मध्यंतरी मामेबहिणीने, ती आता अकरावीत आहे, फोन करून विचारलं, “दादा, स्पर्धेत रमाबाईंवर बोलायचंय. त्यांचं एखादं वाक्य देशील?” मी म्हटलं, “त्यांचं वाक्य आपल्याकडे नाही गं. तिथूनच सुरुवात कर.”

तिने तशी केली. ढाल तिलाही मिळाली नाही! पण खाली उतरल्यावर एक मुलगी तिच्याकडे आली आणि म्हणाली, “मी हे कधी विचारच केला नव्हता.” घरी येऊन तिने मला ते तीनदा सांगितलं.

तुम्ही ‘स्वामी’ कितव्या वर्षी वाचली, की मालिकाच बघितली, की नुसतं आईकडून ऐकलं? आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, निवडक आवाज पुढच्या भागात ऐकवू. आणि घरात आजी असेल तर आज तिला एवढंच विचारा: “रमाबाईंना काय वाटत असेल गं?” बघा ती काय सांगते. फोन मात्र बाजूला ठेवून ऐका. भेटू!